दुकानदाराचे तीन गुण : वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

दरवर्षी निकालाच्या दिवसांत आपल्या काळाचौकी विभागातील मुले-मुली पेढ्यांचा पुडा घेऊन संस्थेच्या कार्यालयात येतात. कोणी बी.कॉम. झालेले असते, कोणी बी.एम.एस. आम्ही त्यांचे मनापासून अभिनंदन करतो आणि ‘पुढे काय?’ असे विचारतो. उत्तर बहुधा एकच असते, ‘मॅनेजमेंटमध्ये जायचंय, सर.’ वर्षभराने तीच मुले भेटतात तेव्हा कोणी कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करीत असते, कोणी क्रेडिट कार्डाचे अर्ज भरून घेत दारोदार फिरत असते, तर कोणी लोअर परळच्या एखाद्या टॉवरमध्ये डाटा एंट्री करीत असते. प्रामाणिक कष्टाचे कोणतेही काम हलके नाही. तथापि पदवी व्यवस्थापनाची आणि काम मात्र कायम दुसऱ्याच्या हुकमाचे, असे का घडते? पदवी आणि खुर्ची यांत हे जे अंतर राहते ते कशाचे आहे आणि ते कसे कापता येईल, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. त्यासाठी आधार घेणार आहोत तो तथागतांच्या एका लहानशा सुत्ताचा.

१. पापणिक सुत्त

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात ‘पापणिक’ नावाची दोन सुत्ते लागोपाठ येतात. नाव ऐकून कोणी दचकू नये. या शब्दाचा पापाशी संबंध नाही. पालीत ‘आपण’ म्हणजे बाजारातील दुकान आणि पापणिक म्हणजे दुकानदार.

पहिल्या सुत्तात भगवान सांगतात की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि सायंकाळी आपल्या कामात मन घालत नाही, त्याला नवी संपत्ती मिळत नाही आणि असलेली वाढत नाही. दुसऱ्या सुत्तात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, तो ‘चक्खुमा’ म्हणजे डोळस असतो. ही वस्तू एवढ्याला घेतली, एवढ्याला विकली तर मुद्दल इतके आणि नफा इतका, हे त्याला दिसते. दुसरा, तो ‘विधुर’ म्हणजे चतुर असतो. खरेदी आणि विक्री या दोन्हींत तो कुशल असतो. तिसरा, तो ‘निस्सयसंपन्न’ असतो, म्हणजे त्याला आधार असतो. धनिक गृहस्थ त्याला ओळखतात. हा माणूस कर्तबगार आहे, बायकामुले सांभाळून आपले पैसे वेळच्या वेळी परत करील, असा त्यांचा विश्वास असतो आणि म्हणून ते आपण होऊन त्याला भांडवल देऊ करतात.

हा उपदेश मुळात भिक्खूंना आहे, दुकानदाराचा दृष्टांत देऊन केलेला. भिक्खूच्या बाबतीत डोळा म्हणजे चार आर्यसत्यांचे यथार्थ ज्ञान, चातुर्य म्हणजे वीर्य अर्थात अखंड प्रयत्न, आणि आधार म्हणजे बहुश्रुत ज्येष्ठांकडे जाऊन प्रश्न विचारणे, शंका फेडून घेणे. आम्ही मात्र येथे दृष्टांताकडेही नीट पाहणार आहोत, कारण महाविद्यालयात तीन वर्षे शिकविले जाणारे वाणिज्यशास्त्र या तीन शब्दांत सामावलेले आहे. हिशेब आणि परिव्यय हा डोळा. खरेदी, विक्री, माणसे व वेळ यांचे नियोजन हे चातुर्य. पत, भांडवल आणि ओळख हा आधार.

२. पहिला गुण : डोळा

एक उदाहरण घेऊ. लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळ्यात मसाल्यासाठी कशी गर्दी होते, ते आपण पाहतोच. समजा, आपल्या चाळीतील दोन भगिनींनी मसाला करून विकायचे ठरविले. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. मिरची, धणे व गरम मसाला मिळून १० किलो माल ४,००० रुपयांना आणला. भाजणे आणि डंकावर कुटणे यांस ६०० रुपये, पिशव्या व चिठ्ठ्या यांस ३०० रुपये आणि ने-आण करण्यास १०० रुपये लागले. एकूण खर्च ५,००० रुपये झाला. भाव ठेवला ६०० रुपये किलो. त्यांनी मनाशी हिशेब केला, ‘१० किलोचे ६,००० येतील, १,००० सुटले.’

आता डोळस दुकानदार काय पाहील? निवडण्यात, भाजण्यात आणि कुटण्यात घट येते. १० किलोचे ९ किलो झाले. विक्री ५,४०० रुपये, म्हणजे नफा १,००० नाही, ४०० आहे. पुढे पाहू. दोघींनी एकेक दिवस राबून काम केले. त्यांची मजुरी दिवसाला ५०० रुपये धरली तर आणखी १,००० रुपये खर्चात येतात. आता ६०० रुपयांचा तोटा झाला. मजुरी धरून नुसती बरोबरी साधायची तरी भाव किलोला सुमारे ६६७ रुपये हवा होता. आपल्या घरातील बाईचे श्रम हिशेबात न धरण्याची सवय इतकी जुनी आहे की तोटा होत असूनही तो दिसत नाही.

अजून एक गोष्ट. ९ किलोपैकी ३ किलो मसाला उधारीवर गेला, म्हणजे १,८०० रुपये अडकले. हाती रोख आले ३,६०० रुपये. पुढचा माल आणायला ५,००० हवेत. म्हणजे मजुरी न धरता वहीत ४०० रुपये नफा दिसत असूनही धंदा थांबला. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात ज्याला खेळते भांडवल म्हणतात, ते हेच. मोठमोठ्या कंपन्याही नफा दाखवीत असताना रोकडीवाचून बुडाल्या आहेत.

आमच्या अभ्यासवर्गात एका बी.कॉम. झालेल्या मुलाला आम्ही हे उदाहरण घातले. परिव्यय विषयात त्याला चांगले गुण होते. त्याने घटीचा विचार केला नाही, मजुरीचाही नाही. विचारल्यावर म्हणाला, ‘सर, पेपरात असं विचारत नाहीत.’ दोष एकट्या त्याचा नव्हता. आपण सूत्रे पाठ करतो, पण ती घरातल्या डब्याला लावून पाहत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे पहिले सांगणे असे की, घरचा महिन्याचा जमाखर्च वर्षभर स्वतः लिहा. वर्षअखेर त्याचा ताळेबंद मांडा. ज्याला स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडता येतो, त्याला कंपनीचा वाचताना भीती वाटत नाही.

३. दुसरा गुण : चातुर्य

व्यवस्थापन म्हणजे थोडक्या साधनांत, ठरलेल्या वेळेत, माणसांकडून आणि माणसांसह काम तडीस नेणे. हे आपल्या समाजाला नवीन नाही. १४ एप्रिलची मिरवणूक आठवा. वर्गणीच्या पावत्या, पोलिसांची परवानगी, मंडप, ध्वनिक्षेपक, भोजनदान, पाण्याची सोय, स्वयंसेवकांच्या पाळ्या, आणि शेवटी हिशेब. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो आणि हजारो कार्यकर्ते त्यांच्या अन्नपाण्याची व औषधाची सोय पाहतात. हे व्यवस्थापन नव्हे तर काय?

परंतु हाच कार्यकर्ता मुलाखतीला बसला की म्हणतो, ‘मला काही अनुभव नाही.’ कारण केलेले काम कागदावर मांडण्याची सवय नाही. ‘तीस स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या, वर्गणीचा हिशेब सात दिवसांत सादर केला,’ ही वाक्ये अर्जात लिहिता आली पाहिजेत. अर्थात ती खरी असली पाहिजेत. ज्या मंडळाचा हिशेब दोन-दोन वर्षे लागत नाही, तेथे काम केल्याने चातुर्य येत नाही, उलट वाईट वळण लागते.

इंग्रजीबद्दल दोन शब्द. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी वर्गात मान खाली घालून बसतो. नोट्स पाठ करून तो उत्तीर्ण होतो, पण गटचर्चेत बोलत नाही. इंग्रजी ही बुद्धीची परीक्षा नाही, ती सवयीची बाब आहे. रोज वृत्तपत्रातील व्यापारविषयक एक बातमी मोठ्याने वाचावी, तिचा सारांश प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत पाच वाक्यांत सांगावा. सहा महिन्यांत फरक पडतो. त्याच्या जोडीला संगणकावरील एक्सेल असे शिकावे की वरील मसाल्याचा हिशेब भाव बदलताच आपोआप बदलला पाहिजे.

४. तिसरा गुण : आधार

येथवरचे दोन गुण विद्यार्थी स्वतःच्या कष्टाने मिळवू शकतो. तिसऱ्याचे तसे नाही, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा येथेच आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन येथे अध्ययन करून १९१७ साली ते परत आले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत उपजीविकेसाठी त्यांनी शेअर्सच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. ज्ञानाची उणीव नव्हती, मेहनतीची तर नव्हतीच. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. डोळा होता, चातुर्य होते. आधार जातीने नाकारला.

पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली स्थापन झालेले हे कॉलेज आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्यांची व्याख्याने ऐकण्यास बाहेरच्या कॉलेजांतील विद्यार्थीही येत, आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांची हरकत होती. मार्च १९२० मध्ये राजीनामा दिल्यावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली परतले; त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला त्यांना डी.एस्सी. मिळाली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. वाणिज्याचे शिक्षण ही आपल्यासाठी बाबासाहेबांच्या घरातली वस्तू आहे, याचे भान किती विद्यार्थ्यांना असते?

आपल्या गिरणगावचा इतिहासही हेच सांगतो. गिरणीत भरती जॉबरच्या हाती असे. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस आधी लावी. साचेखात्यात, जेथे मजुरी चांगली, तेथे आपल्या माणसांना प्रवेश नसे, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगार विटाळ मानीत. आपली माणसे राहिली ती रिंग खात्यासारख्या कमी मजुरीच्या खात्यांत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मग १८ जानेवारी १९८२ पासूनचा संप आला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुसंख्यांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि कार्यालये उभी राहिली. जॉबर गेला, पण त्याची पद्धत गेली का? आजही चांगल्या जागांची माहिती आधी ओळखीत फिरते. ज्याचा काका, मामा, शेजारी कंपनीत अधिकारी आहे, त्याला इंटर्नशिप मिळते. आपल्या मुलांच्या काका-मामांना कंपनीचे दार ठाऊक आहे, पण आतली खोली ठाऊक नाही. पदवी आणि खुर्ची यांतील अंतर मुख्यतः येथे आहे.

बाबासाहेबांनी यावर उपाय केला तो संस्था उभारून. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे म्हणून वर्ग सकाळी भरत. १९५३ साली फोर्टमध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. सकाळी कॉलेज, दिवसा कचेरी, असे करून आपल्या समाजाची एक पिढी बँका, रेल्वे, विमा आणि सरकारी खाती यांत पोहोचली. एकाचा आधार नसेल तर सर्वांनी मिळून आधार निर्माण करावा, हा त्यातील धडा.

५. विश्वास मिळतो कसा आणि जातो कसा

आधार म्हणजे वशिला नव्हे. सुत्तातील धनिक दुकानदाराला पैसे देतात ते तो परत करील या खात्रीने. या संदर्भात दोन उदाहरणे जवळची आहेत.

पहिले आपल्या दारचे. १९६४ साली याच कामगार वस्तीत अवघ्या पाच हजार रुपयांच्या भागभांडवलावर अभ्युदय सहकारी पतपेढी निघाली आणि १९६५ मध्ये तिची नागरी सहकारी बँक झाली. सामान्य माणसाच्या ठेवींवर ती अनेक शाखांची मोठी बँक बनली. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये कारभाराच्या दर्जाविषयी चिंता व्यक्त करून रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले व प्रशासक नेमला. विश्वासावर बँक किती वाढते, आणि कारभाराकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे दोन्ही धडे काळाचौकीच्या विद्यार्थ्याला पुस्तक न उघडता शिकता येतात.

दुसरे उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज कारखान्याचे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हा आजारी कारखाना कामगारांच्या हाती आला. देशभर कौतुक झाले, पण पुढे तो पुन्हा तोट्यात गेला. २००६ मध्ये श्रीमती कल्पना सरोज यांनी तो हाती घेऊन कर्जे व कामगारांची देणी यांचा मार्ग लावला आणि कारखाना उभा केला. अकोला जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबातली ही मुलगी मुंबईत येऊन लोअर परळच्या होजिअरी कारखान्यात शिवणकाम करीत होती. पुढे शासकीय योजनेतील कर्ज घेऊन तिने व्यवसाय सुरू केला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे व्यवस्थापनाची पदवी नव्हती. यावरून पदवी नको असा अर्थ कोणी काढू नये. मालकी हाती आली तरी कारभार शिकावाच लागतो, असा अर्थ काढावा.

६. मार्ग आणि कागदपत्रे

विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी थोडक्यात:

(अ) मुंबई विद्यापीठाचा बी.एम.एस. अभ्यासक्रम १९९९ च्या सुमारास सुरू झाला. २०२४-२५ पासून बी.एम.एस., बी.बी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. काही महाविद्यालयांनी नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे केले आहे. प्रवेश घेताना नाव, फी आणि प्रवेशपद्धत नीट विचारून घ्यावी. साधी बी.कॉम. पदवीही कमी मानू नये.

(आ) पदवीनंतर एम.बी.ए. साठी राज्याची सीईटी आहे. त्यातून जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसारख्या, १९६५ साली निघालेल्या विद्यापीठाच्या संस्थेत प्रवेश मिळू शकतो. आय.आय.एम. साठी कॅट ही परीक्षा आहे. पवईची नीटी ही संस्था २०२३ साली आय.आय.एम. मुंबई झाली, म्हणजे आय.आय.एम. आता लोकलच्या अंतरावर आहे. तेथे अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून करावी.

(इ) ज्यांना लवकर कमावणे भाग आहे त्यांनी सी.ए., कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी हे मार्ग पाहावेत. सी.ए. च्या आर्टिकलशिपचा काळ २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांचा झाला असून त्या काळात विद्यावेतन मिळते.

(ई) १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. त्यांचा लाभ घेण्यास केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून बारावीतच अर्ज करावा. केवळ कागदाअभावी हातची जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत भरावा.

७. संस्थेचे कर्तव्य

आता सभासदांना एक विनंती. आपल्यातील अनेक बांधव व भगिनी बँका, विमा, महापालिका, रेल्वे येथून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत. प्रत्येकाने एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. पैसे नकोत; महिन्यातून दोन तास हवेत. अर्ज तपासावा, मुलाखतीचा सराव घ्यावा, ज्यांना आपण ओळखतो त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. बहुश्रुतांकडे जाऊन प्रश्न विचारणे म्हणजे निस्सय, असे सुत्त सांगते. पण विचारायला आलेल्याला दार उघडे मिळाले पाहिजे.

दुसरे, संस्थेचा वार्षिक जमाखर्च वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा आणि सर्वसाधारण सभेत त्यांनाच वाचायला लावावा. सभासदांच्या प्रश्नांना उभे राहून उत्तरे देण्याइतका चांगला सराव दुसरा नाही. संस्थेचा हिशेबही त्याने चोख राहील.

आणि खुर्ची मिळेल त्यांच्यासाठी एक आठवण. अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका आहे. तुमच्या हाताखाली जो हमाल, शिपाई, कंत्राटी सफाई कामगार असेल, त्याच्या जागी काल तुमचे वडील होते. त्याची मजुरी वेळेवर देणे आणि त्याच्या मुलाला ‘ये, बस, काय शिकतोस?’ असे विचारणे, हेही व्यवस्थापनच आहे.

स्वाध्याय

१) वरील मसाल्याच्या उदाहरणात भाव ७०० रुपये किलो ठेवल्यास मजुरी धरून नफा किती?
२) तीन किलोची उधारी तशीच राहिल्यास ७०० रुपयांच्या भावाने हाती रोख किती येईल? पुढचा ५,००० रुपयांचा माल आणण्यास किती कमी पडतील?
३) आपल्या मंडळाच्या गेल्या जयंतीचा हिशेब मिळवा. खर्चाच्या तीन बाबी निवडा आणि त्या कशा कमी करता आल्या असत्या ते लिहा.
४) तुम्ही ज्यांना प्रश्न विचारू शकाल अशा तीन वडीलधाऱ्यांची नावे लिहा. तीन नावे सुचत नसतील तर संस्थेच्या कार्यालयात येऊन भेटा.

उत्तरे तपासून घेण्यास रविवारी सकाळी वंदनेनंतर जरूर यावे. आम्ही वाट पाहू.

नमो बुद्धाय! जयभीम!